कायद्यापुरता विमा

गाडी घ्यायची असं आमच्या घरात ठरलं, त्याच संध्याकाळी कामाची वाटणी झाली. पैसे गोदावरीचे, चालवणं गोदावरीचं आणि कागद माझे. वाटणी तिनंच केली आणि मला ती न्याय्य वाटली. मी तेहतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात काढली आहेत. गाडी चालवणं ही हातापायांची गोष्ट आहे, कागद समजणं ही डोक्याची, असं मी त्या वेळी बोलूनही दाखवलं. त्यावर ती काही बोलली नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी बहुतेक वेळा संमती असाच घेत आलो आहे, आणि बहुतेक वेळा तो चुकला आहे.

गोदावरी शाळेत गणित शिकवते. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना तिची बदली नांदेडहून लोह्याला झाली. सकाळच्या बसला उभं राहून जायचं, दुपारच्या बसला उभं राहून यायचं. वर्षभरात तिचा डावा गुडघा बोलायला लागला. मग एके दिवशी तिनं कुणालाही न विचारता मोटार ट्रेनिंगमध्ये नाव घातलं आणि छपन्नाव्या वर्षी पहिल्या फटक्यात लायसन काढून आणलं. मला स्वतःला सायकलपलीकडचं काही चालवता येत नाही. त्यामुळे लायसनवरचा तिचा फोटो फारसा चांगला आलेला नाही, एवढंच मी म्हणालो.

तिचा धाकटा भाऊ आप्पासाहेब लातूरला औसा रोडला राहतो. त्याला आपली आठ वर्षं वापरलेली पांढरी गाडी विकायची होती. घरातल्या घरात व्यवहार, गाडी ओळखीची, रंगही शांत. आम्ही शुक्रवारी जाऊन रविवारी गाडी घेऊन यायचं आणि सोमवारी गोदावरीनं गाडीतून शाळेत जायचं, असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे गुरुलिंगअप्पा बिराजदार आले. हे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी बसगाड्या मागं घेऊन फलाटाला लावून दिल्या. निवृत्तीनंतर महामंडळानं त्यांच्याकडून सगळं परत घेतलं, पण शिट्टी त्यांच्या खिशात राहिली. वाहनाच्या कुठल्याही विषयावर आमच्या कॉलनीत शेवटचा शब्द त्यांचा असतो.

"अनंतराव, विमा घेताना फसू नका," ते म्हणाले. "कायद्याला लागतं तेवढंच घ्यायचं. थर्ड पार्टी. त्याच्या वर घेतलं की कंपनीचं भलं, आपलं न्हाई."

"थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण?" गोदावरीनं आतून विचारलं.

"ज्याला आपली गाडी लागंल तो," अप्पा म्हणाले.

"आणि आपल्याला लागलं तर?"

"आपल्याला कशाला लागतंय, बाई? चालवून तर आपणच राहिलो."

हे उत्तर मला त्या वेळी पटलं होतं, हे मी इथं प्रामाणिकपणे नमूद करतो.

लातूरला पोचल्यावर मी चहाच्या आधी गाडीचे कागद मागितले. आप्पासाहेबानं गाडीचा पुढचा कप्पा उघडून एक घडी घातलेला कागद दिला. त्यावर लग्नपत्रिकेचा गुलाबी रंग उतरला होता. तो विमाच होता, पण त्याची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपली होती.

"चौदा महिने तू बिनविम्याची गाडी चालवतोयस?" मी विचारलं.

"दाजी, गंजगोलाईच्या बाजारापर्यंत जायचं न् यायचं. कोण विचारतंय?" तो म्हणाला. "तुम्ही रविवारी निघा, नांदेडला गेल्यावर काढा."

मी नकार दिला. विम्याशिवाय ही गाडी या फाटकाबाहेर जाणार नाही, असं मी सांगितलं, तेव्हा माझा आवाज जरा कार्यालयातल्यासारखा झाला असावा, कारण आप्पासाहेबाची बायको चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बशा घेऊन बाहेर येत होती, ती दारातच थांबली. शेवटी आप्पासाहेबानं महांतेश नावाच्या विमा एजंटला बोलावलं. चाळिशीचा, शांत माणूस. घाई कशाचीच नव्हती त्याला.

गोदावरीला पूर्ण विमा हवा होता, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून मिळेल असा. महांतेश म्हणाला, "मिळतो की, ताई. पण विमा तुटून चौदा महिने झाले. कंपनीचा माणूस येणार, गाडी बघणार, फोटो काढणार. मंगळवार-बुधवार धरा. थर्ड पार्टीला तपासणी लागत न्हाई. आज भरलं की रात्री बारापासून चालू."

सोमवारी शाळा होती. शिवाय गुरुलिंगअप्पांचा सल्ला माझ्या कानात होता. "थर्ड पार्टीच करा," मी म्हणालो. गोदावरीनं माझ्याकडं पाहिलं, पण कागद माझ्या खात्यात होते.

महांतेशनं मोबाईलवर फॉर्म उघडला. "मालकाचं नाव?"

"अनंत बारडकर," मी म्हणालो.

"आज न्हाई. गाडी अजून आप्पासाहेबांच्या नावावर हाय. आत्ता विमा त्यांच्याच नावानं. पुढं गाडी तुमच्या नावावर झाली की चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं." मग त्यानं सहज विचारलं, "पुढं मालक तुम्ही, म्हंजे मालक-चालकाच्या अपघात विम्याला लायसन तुमचं लागंल. हाय ना?"

"लायसन हिचं आहे," मी म्हणालो.

"मग गाडी तुमच्या नावावर कशापायी?"

कागद माझे, म्हणून मालकही मी, असं मी धरून चाललो होतो. ते उघड बोलायला गेलो असतो तर फारच पोकळ वाटलं असतं. मी विषय बदलला. "हे बघा, रविवारी मी, ही, दोघं गाडीत. समजा काही झालं. तर विमा कुणाला आहे?"

महांतेश बोटांवर मोजू लागला. "रस्त्यावरच्या माणसाला हाय. समोरच्या गाडीवाल्याला हाय. कुणाची भिंत पडली तर भिंतीला हाय. आप्पासाहेब स्वतः चालवत असले तर त्यांनाबी हाय."

"ते लातूरलाच राहणार आहेत."

"मग त्यांचं ते तसंच पडून राहील."

"आणि चालवणारीला?"

"या पॉलिसीत न्हाई."

"आणि मला?"

"तुम्ही मालक न्हाई, चालक न्हाई, रस्त्यावरबी न्हाई," तो विचार करून म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, हेच जास्त लागलं. "तुम्ही नुसते बसलेले. थोडं जास्त भरलं तर बसलेल्याचंबी घेता येतं."

मी गुरुलिंगअप्पांना फोन लावला. त्यांनी पलीकडून सांगितलं, "अनंतराव, हीच ती जागा. इथंच माणूस फसतो." मी जास्तीचं घेतलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. गोदावरी जपून चालवत होती. चाकूर गेलं, अहमदपूरला चहा झाला. माझ्या मांडीवर फाईल होती. विम्याची प्रत, नोंदणीचं पुस्तक, तिचं लायसन, नाव बदलायचे फॉर्म, आप्पासाहेबाच्या सह्या, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. धुराचं प्रमाणपत्रही मी शनिवारी करून घेतलं होतं. कुणीतरी अडवावं, असं मला माळेगावपर्यंत सारखं वाटत होतं. आयुष्यात इतके पूर्ण कागद माझ्याजवळ कधी नव्हते.

लोह्याच्या अलीकडं वाहतूक पोलिसानं हात केला. गोदावरीनं गाडी बाजूला घेतली. मी काच खाली करून फाईल पुढं केली, पण त्यानं ती घेतली नाही. मोबाईलमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि बघून म्हणाला, "हाय सगळं बरोबर."

"विमा परवा रात्री बारापासून सुरू आहे," मी म्हणालो. "मूळ प्रत बघायची असेल तर दुसऱ्या कप्प्यात आहे."

"लागत न्हाई, काका." मग त्यानं माझ्याकडं जरा वाकून पाहिलं. "बेल्ट?"

फाईल जाड होती. तिच्यावरून बेल्ट नीट बसेना, म्हणून मी तो अहमदपूरनंतर काढून ठेवला होता. गोदावरीचा बेल्ट लावलेला होता. पोलिसानं माझा, म्हणजे नुसत्या बसलेल्या माणसाचा, फोटो काढला. पाच मिनिटांत आप्पासाहेबाचा फोन आला, कारण दंडाचा मेसेज गाडीच्या मालकाला जातो.

"दाजी," तो म्हणाला, "मी आठ वर्षं चालवली. एकबी पावती न्हाई."

पुढं सोनखेडपर्यंत गोदावरी समोर रस्त्याकडं बघत हसू दाबत होती. मला ते दिसत होतं, पण चालवणाऱ्याशी बोलू नये म्हणून मी काही बोललो नाही.

चारच्या सुमारास आम्ही कॉलनीत शिरलो. गुरुलिंगअप्पा रस्त्यातच उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. आमच्या आणि त्यांच्या घराची फाटकं शेजारी शेजारी आहेत. दिवाळीच्या आधी त्यांनी आपल्या फाटकाचा खांब नवा बांधून घेतला होता आणि त्यावर काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरात 'बिराजदार निवास' अशी पाटी बसवली होती.

"बाई, तुम्ही नुसतं स्टेअरिंग धरा," ते म्हणाले. "मागं मी बघतो. तीस वर्षं तेच केलं."

गाडी मागून आमच्या फाटकात घ्यायची म्हणून गोदावरीनं मागचा गिअर टाकला. अप्पांनी गाडीच्या मागं उभं राहून हात हलवायला सुरुवात केली. मी त्या वेळी फाईलमधले कागद आवरत होतो. अप्पांनी एक शिट्टी दिली. एस.टी.त एका शिट्टीचा अर्थ थांबा. गोदावरीला एस.टी.ची भाषा ऐकून ऐकून माहीत होती, पण तिची खात्री होईना, म्हणून ती किंचित घुटमळली. गाडी थांबत नाही हे बघून अप्पांनी घाईनं आणखी एक शिट्टी दिली. दोन शिट्ट्या झाल्या. दोन शिट्ट्यांचा अर्थ चला.

आवाज फार मोठा झाला नाही. गाडीचा मागचा बंपर आत गेला, खांब अंगणाकडं कलला आणि ग्रॅनाइट खाली पडून दोन तुकडे झाले. एकावर 'बिराज' होतं आणि दुसऱ्यावर 'दार निवास'.

आम्ही तिघं खांबाकडं बघत उभे राहिलो. सर्वांत आधी अप्पा बोलले. "फिकीर न्हाई," ते म्हणाले. "विमा हाय ना."

गोदावरी त्यांना दोनदा "चुकलं, अप्पा" म्हणाली. मग तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "ठेवा तुमच्या फाईलमध्ये," ती म्हणाली, आणि सोमवारी सकाळी बसनं शाळेत गेली. मंगळवारीही बसनं गेली. त्या दिवशी शेवटी सरळ तोंडानंच आत घातलेल्या गाडीवर कापड टाकलं गेलं. मी एकदा विषय काढला तर ती म्हणाली, "एवढ्या वयात नको ते सुचलं मला. गुडघ्याला पट्टा बांधला की जमतं." हे मला ऐकवेना. पण त्यावर करायचं काय, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

इकडं अप्पांच्या खांबाचा प्रश्न होता. खांब बांधून द्यायला मी तयार होतो, पण अप्पा ऐकेनात. "खांबाचं काय घेऊन बसला? मी सांगितलेला विमा हाय तो. त्यातूनच खांब उभा राहिला पायजे. न्हाईतर लोक काय म्हणतील?" त्यांचाही मान त्या खांबाबरोबर कलला होता, हे मला समजत होतं. मी महांतेशला फोन केला.

"थर्ड पार्टीचा दावा का, साहेब? आधी त्यांनी पोलिसात तक्रार द्यायची. मग पंचनामा. मग न्यायाधिकरणात अर्ज, वकील, तारखा."

"साधारण किती दिवस लागतील?"

"तुमच्या शेजाऱ्यांचं वय काय?" त्यानं विचारलं.

तरीही आम्ही ठरवलं. शनिवारी दुपारी, गोदावरी शाळेतून यायच्या आत, मी आणि अप्पा त्यांच्या ओसरीवर तक्रार लिहायला बसलो. अप्पांचा हात आता थरथरतो आणि माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून लिहायला मी घेतलं. अशी तक्रार कशी लिहितात हे अप्पांना पक्कं माहीत होतं. डेपोत त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या.

"लिहा," ते म्हणाले. "सदर महिलेनं आपल्या ताब्यातील वाहन निष्काळजीपणे, हयगयीने व भरधाव वेगाने चालवून..."

"अप्पा, भरधाव कुठं? मुंगीच्या वेगानं येत होती ती."

"तसं लिहावं लागतं. त्याशिवाय तक्रार होत न्हाई."

मी 'भरधाव' लिहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर माणसाला आपल्या बायकोबद्दल काय काय सुवाच्य अक्षरात लिहावं लागेल, हे सांगता येत नाही. मग आम्ही अप्पांच्या स्कूटरवर बसून पोलिस ठाण्यात गेलो.

तिथल्या जमादारांनी अर्ज दोनदा वाचला. "अक्षर चांगलं हाय. कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मी सदर महिलेचा नवरा."

जमादारांनी चष्मा काढला. "आन् फिर्यादी?"

"मी," अप्पा म्हणाले. "खांब माझा हाय."

"अपघात झाला तवा तुम्ही कुठं होता?"

"गाडीच्या मागं. शिट्टी देऊन राहिलो होतो."

"गाडीचा मालक?"

"तो लातूरला असतो," मी म्हणालो. "त्याला यातलं अजून काही माहीत नाही."

जमादारांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं आणि अर्ज त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. मग अगदी सौम्यपणे आम्हाला म्हणाले, "गुन्हा नोंदवायला आपली ना न्हाई. बाईंना उद्या पाठवा. लायसन जमा होईल. मालकाला लातूरहून बोलवू. आन् ती शिट्टी द्या."

"शिट्टी?" अप्पा म्हणाले.

"मुद्देमाल हाय तो. तिच्यावरूनच घोळ झाला म्हणताय ना?"

अप्पांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मलाच कसंतरी झालं. थोड्या वेळानं त्यांनी दुसऱ्या हातानं अर्ज टेबलावरून उचलला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "राहू द्या, साहेब. शेजारी हाव आम्ही."

परत आलो तेव्हा गोदावरी आमच्या पायरीवर बसून पायातली चप्पल काढत होती. मी गप्प राहणार होतो. अप्पांनी मात्र सरळ तिच्यासमोर जाऊन अर्ज तिच्या हातात दिला. "बाई, आम्ही हे करून बसलो होतो. तुम्ही वाचा."

तिनं तो पेपर तपासावा तसा वाचला. "भरधाव," ती म्हणाली. "तुमच्या खांबापासून माझी गाडी बारा फुटांवर होती, अप्पा. बारा फुटांत भरधाव कसं होणार?" आणखी दोन ओळी वाचल्या. "हे यांचं अक्षर आहे."

"माझा हात थरथरतो," अप्पा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही दोघं एका स्कूटरवर बसून माझ्यावर गुन्हा नोंदवायला गेला होतात."

"हाव."

"हेल्मेट होतं?"

आम्ही दोघंही रस्त्याकडं बघू लागलो. आणि मग गोदावरी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आठवडाभर आमच्या घरात तो आवाज नव्हता. अप्पाही हळूहळू हसू लागले आणि आपल्या घरी गेले.

ते गेल्यावर मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. जे सांगायचं होतं ते फाईलमध्ये कुठंच नव्हतं, म्हणून सुरुवात करायला वेळ लागला. "त्या दिवशी मी खाली उतरून मागं बघायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "निदान मान तरी वळवायला पाहिजे होती. मी झेरॉक्स लावत बसलो होतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. रागावून नाही. "आरशात दिसत होतात तुम्ही."

थोड्या वेळानं तिनं हात पुढं केला आणि मी आत जाऊन किल्ली आणून दिली.

पुढचा आठवडा माझ्या नोकरीतल्या चांगल्या आठवड्यांसारखा गेला. गाडीचा फॉर्म मी नव्यानं भरला, मालकाच्या रकान्यात तिचं नाव लिहून. परिवहन कार्यालयात मला तीनदा जावं लागलं. एकदा आप्पासाहेबाची सही पुस्तकातल्या सहीशी जुळेना, एकदा खिडकीवरचे साहेब जेवायला गेलेले, तिसऱ्यांदा काम झालं. कंपनीचा माणूस येऊन दबलेल्या बंपरचे फोटो काढून गेला आणि त्या बंपरचं काही मिळणार नाही, असं सांगून गेला. या वेळी गोदावरीनं पूर्ण विमा घेतला, स्वतः सगळ्या अटी वाचून, आणि बसलेल्या माणसाचं जास्तीचंही त्यात घातलं. मला तसं सांगितलं नाही. मला ते कागदात सापडलं.

खांबासाठी गवंडी आम्ही लावला. सिमेंट कालवताना पाण्याचं प्रमाण अप्पांनी सांगितलं. पाटी मात्र त्यांनी नवी करू दिली नाही. दोन तुकडे जोडून तीच बसवली. मधली रेघ लांबून दिसते.

सोमवारी सकाळी गोदावरीनं गाडीवरचं कापड काढलं आणि आम्हा दोघांना समोर बोलावलं. "मी गाडी काढेपर्यंत तुम्ही दोघांनी बाहेर यायचं नाही," ती म्हणाली. आम्ही अप्पांच्या पुढच्या खोलीत जाऊन बसलो. दार लावून घेतलं. अप्पांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. बाहेर गाडी सुरू झाली. मागच्या गिअरचा तो बारीक सूर आला, थांबला, पुन्हा आला. अप्पा खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसले होते. मग सूर बदलला, आणि गाडी वळणावरून निघून गेल्याचं ऐकू आलं.

"गेली," मी म्हणालो.

"हाव," अप्पा म्हणाले. दार मात्र कुणीच उघडलं नाही.

पाऊण तास आम्ही मुक्या बातम्या बघत बसलो. मग माझ्या फोनवर मेसेज आला. मी वाचून दाखवला, "पोचले. शाळेसमोर दोन गाड्यांच्या मधे मागं घेऊन लावली."

अप्पांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग जरा थांबून म्हणाले, "विचारा बरं, मागं कोण उभं होतं?"

मी विचारलं. उत्तर यायला मधली सुट्टी उजाडली. तोवर अप्पांनी दोनदा चहा केला आणि माझ्या फोनकडं बघत राहिले. उत्तर आलं, "कुणी नाही."

ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. फोन परत माझ्या हातात दिला.

"तरी नीट लागली?" त्यांनी हळूच विचारलं.

"लागली, अप्पा."

"लागंल की," ते म्हणाले, आणि उठून दार उघडलं.